पारड्यांची अदलाबदल

आमच्या सासऱ्यांनी इमारत दान करायचं जाहीर केलं तेव्हा माझ्या हातात गरम सूपचं भांडं होतं. ते कोणावर न ओतता मी टेबलावर ठेवलं, हा माझा त्या दिवशीचा सगळ्यात मोठा समजूतदारपणा. त्यानंतर उरलेला दिवस मी समजूतदारपणे वागले असं म्हणता येणार नाही.

बाबांनी सांगितलंही असं, की जणू मीठ पुढे सरकवायला सांगताहेत. "ही इमारत विकायची आणि येतील ते पैसे समोरच्या शाळेला द्यायचे, असं मी ठरवलंय." मग त्यांनी खरोखरच मीठ मागितलं.

इमारत म्हणजे काही राजवाडा नव्हे. खाली बाबांचं तराजू दुरुस्तीचं दुकान, मधल्या मजल्यावर आम्ही, आणि सगळ्यात वर बाबांची खोली, अडगळ आणि थोडी गच्ची. पण मधल्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला एक खोली आहे, तिला भिंतभर खिडकी आहे आणि त्या खिडकीशी माझं शिलाई मशीन आहे. मी पडदे शिवते. लोकांच्या खिडक्या झाकायच्या तर स्वतःकडे एक उघडी खिडकी लागतेच, कारण दिव्याखाली कापडाचा रंग खोटं बोलतो. ती खिडकी माझी, असं मी या घरात आल्यावर पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं आणि आजवर कोणी हरकत घेतली नव्हती.

"मग आम्ही राहायचं कुठे?" मी विचारलं.

माझा नवरा पंख्याकडे बघायला लागला. तो इमारतींचे नकाशे काढतो आणि घरात आवाज चढला की छताकडे बघतो. मला वाटतं तिथून बाहेर पडायची वाट निघते का ते तो तपासत असतो. ताई, म्हणजे माझी मोठी नणंद, दर रविवारी आमच्याकडे जेवायला येते. ती दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे समोरचा तोंड उघडं टाकून गप्प आहे असं धरूनच बोलते. ती म्हणाली, विकायचीच असेल तर आधी वाटे करा, मग ज्याला जे दान करायचं ते तो आपल्या वाट्यातून करेल. मी म्हटलं, विकायचीच कशाला. ती म्हणाली, तुझी खिडकी जाईल म्हणूनच ना. मी म्हटलं, हो, म्हणूनच. मग काय, दोघींनाही भरपूर बोलायचं होतं.

बाबांचा चेहरा मात्र उतरला. जेवण तसंच ठेवून ते खाली दुकानात निघून गेले, आणि आमचं भांडण तिथेच थांबलं. कारण आम्हाला तिघांनाही काका आठवले.

बाबांना एक धाकटा भाऊ आहे. याच गावात, नदीपलीकडे राहतो, तराजूंचंच काम करतो. त्यांचे वडीलही काटेवाले. त्यांनी जाताना दोन मुलांत सगळं सारखं वाटलं, इतकं सारखं की कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आणि त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. का, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. काकांचा विषय निघाला की ते फडकं घेऊन एखादी दांडी पुसायला बसत, ती स्वच्छ असली तरी.

मी चहा घेऊन खाली गेले तेव्हाही ते दांडीच पुसत होते. म्हणाले, "शाळेला मी देणारच. पण माझ्यानंतर या दोघांनी बोलणं टाकलं, तर ते दान मला पचायचं नाही." मी खिडकीबद्दल पुढे एक अक्षर काढलं नाही. निदान त्या संध्याकाळी तरी.

शाळेबद्दल सांगायला हवं. ती ऐकू न येणाऱ्या मुलांची आहे, रस्ता ओलांडला की समोरच, भाड्याच्या खोल्यांत. सुटी झाली की मुलं आमच्या दुकानात येऊन बसतात, काटा हलताना बघत. बाबा म्हणतात, या कामाला कान लागत नाहीत, डोळे आणि धीर लागतो, आणि तो या मुलांकडे माझ्या मुलांपेक्षा जास्त आहे. घरमालकाला आता त्या खोल्या परत हव्या होत्या. वर्ष संपलं की शाळा रस्त्यावर, असा प्रकार.

पुढच्या रविवारी बाबांनी आपल्या वकील मित्राला बोलावलं. त्यांना आम्ही घरात 'तारीख' म्हणतो, कारण कुठलीही गोष्ट ते पुढच्या वेळेवर टाकतात, आमच्याकडचं जेवण सोडून. शाळेच्या मुख्य बाईंनाही बोलावलं होतं. त्या कानकोंड्या होऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, जणू कोणाचं तरी ताट ओढून घ्यायला आल्या आहेत.

तारीख यांनी पहिल्या झटक्यात बाबांची विकेट काढली. म्हणाले, "विकून पैसे देणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. इतक्या वर्षांत किंमत वाढली, त्या वाढीवर कर कापला जाणार. शाळेच्या हातात उरलंसुरलं पडणार. इमारतच द्या, हवं तर तिचे काही मजले द्या. म्हणजे मध्ये कोणी कापणार नाही, उलट तुम्हालाच करात सूट मिळेल."

बाबा म्हणाले, मग आम्ही सगळ्यांनी चंबूगबाळं उचलून जायचं कुठे. तारीख म्हणाले, कोण जा म्हणतंय. दिलेल्या जागेत तुम्हाला जिवंत असेपर्यंत काम करायचा, राहायचा हक्क कागदात राखून ठेवता येतो. शिवाय म्हातारपणासाठी साठवलेलं ते खातं आहे ना, ते मुलांना मिळालं तर कर कापून मिळेल, शाळेला मिळालं तर अख्खं मिळेल. म्हणून जे मुलांच्या हातात कापलं जाऊन येणार, ते शाळेला लिहून द्या. जे अख्खं येणार, ते मुलांना ठेवा. आणि दरवर्षी करातून जे वाचेल ते मुलीच्या नावे बाजूला टाकत जा. एवढं बोलून त्यांनी बटाट्यांचं भांडं आपल्याकडे ओढलं. खरं सांगते, त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदाच आदर वाटला.

कागदावर सगळं छान बसत होतं. खालचे दोन मजले शाळेला, वरचा मजला माझ्या नवऱ्याला, ताईला त्या वाचलेल्या पैशांची ठेव. बाबांनी तर ताईची ठेव आणि वरचा मजला यांची किंमत रत्तीपर्यंत सारखी आणली होती. शेवटी काटेवाल्याचंच डोकं ते. पण ताईचा चेहरा काही खुलेना. ठेव म्हणजे काय, आकडाच ना, असं ती पुटपुटली. दोन मजले म्हणजे माझी खिडकीही गेलीच, हे माझ्या लक्षात आलं आणि मी पुन्हा सुरू झाले. माझ्या नवऱ्याला पंखा सापडला. बाई म्हणाल्या, राहू द्या, आम्ही दुसरीकडे बघतो. आणि बाबा उठले.

"चला खाली," ते म्हणाले.

आम्ही ताटांवरून उठून दुकानात गेलो. बाबांनी एक जुना तराजू ओट्यावर घेतला. एका पारड्यात खिळ्यांची पुडी टाकली, दुसऱ्यात वजनं. काटा मधोमध येऊन थांबला. त्यांनी तारीख यांना विचारलं, तराजू बरोबर आहे का. तारीख चष्मा सरसावून म्हणाले, अगदी बरोबर. मग बाबांनी पुडी वजनांच्या जागी ठेवली आणि वजनं पुडीच्या जागी. काटा घसरून एका बाजूला गेला.

"दांडीचा एक हात लांब आहे," बाबा म्हणाले. "काटा मध्ये आला म्हणजे तराजू खरा, असं नसतं. अदलाबदल करूनही मध्ये राहिला, तर खरा."

मग त्यांनी तिथल्या तिथे आमची अदलाबदल केली. आठवडाभर प्रत्येकाने दुसऱ्याच्या पारड्यात बसायचं आणि पुढच्या रविवारी त्याच्या बाजूने मागायचं. ताईने भावाच्या, भावाने ताईच्या. मी शाळेच्या, बाईंनी माझ्या. तारीख म्हणाले, इतकी वर्षं वकिली करतोय, असं कुठे लिहिलेलं वाचलं नाही. बाबा म्हणाले, म्हणूनच तुमचे खटले संपत नाहीत.

शाळेत मी गेले ती नाक वर करूनच. म्हटलं बघू तरी कशासाठी माझी खिडकी जाणार आहे. वर्गाला एकच दार, आणि छताला एक दिवा. शिक्षिका दिव्याच्या बरोबर खाली उभी राहून, हनुवटी वर करून बोलत होती, म्हणजे मुलांना तिचे ओठ दिसावेत. बोटांनी काही सांगायचं झालं की हात दिव्याकडे उंच करायची. मध्येच वीज गेली आणि वर्ग तिथेच थांबला. अंधारात त्या खोलीत कोणी कोणाला एक शब्द सांगू शकत नव्हतं. मग मुलांनी सवयीने बाकं उचलली आणि दारातून उन्हाचा जो पट्टा आत पडला होता त्यात नेऊन ठेवली. पट्टा सरकला, बाकं सरकली. कोणी कुरकुरलं नाही. मी ज्या उजेडात लोकांच्या पडद्यांचे रंग जुळवते, तो या मुलांना एकमेकांशी बोलायला लागत होता. मी घरी आले, मशीनशी बसले आणि बराच वेळ पाय हलवलाच नाही. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

बाईही आमच्याकडे येऊन गेल्या. दुपारभर त्या माझ्या खिडकीशी बसल्या, पडद्याची एक पट्टी हाताने दुमडून बघितली, ती वाकडी गेली. माझी गिऱ्हाइकं येऊन कापड खिडकीत कसं धरून बघतात तेही त्यांनी पाहिलं. जाताना माझ्याकडे अशा अपराधी नजरेने बघत होत्या की मीच त्यांना पाणी दिलं.

आणि मग तो रविवार. या घरात भांडणं पुष्कळ झाली आहेत, पण असं कधी झालं नव्हतं. मी शाळेच्या वतीने मधला मजला मागितला, खिडकी मागितली, आणि ओघात गच्चीसुद्धा मागितली, कारण मुलांनी खेळायचं कुठे. बाईंचा आवाज चढला. त्या म्हणाल्या, खिडकीला हात लावाल तर आम्ही इमारतच घेणार नाही, या बाईचं पोट आहे त्या खिडकीवर. मी म्हटलं, माझ्या पोटाचं मी बघेन. ताई भावाच्या वतीने म्हणाली, वरचा एकटा मजला त्याच्या संसाराला अपुरा पडेल, माझी ठेवही त्यालाच द्या. तारीख यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, आधी कोण कोणाच्या बाजूने भांडतंय तेवढं ठरवा, मग लिहितो.

तेवढ्यात माझा नवरा बोलला. पंख्याकडे नाही, टेबलाकडे बघून. "ताईला पैसे नकोत," तो म्हणाला. "ती इतकी वर्षं दर रविवारी येते आणि दार वाजवून उभी राहते. ती या घरात जन्मली, आणि तिच्याकडे या घराची किल्ली नाही. ते आमच्या कधी डोक्यातच आलं नाही."

ताईने बोलायला तोंड उघडलं. तिने रुमाल काढला आणि दातात काही अडकलंय असं दाखवत खिडकीकडे गेली. बाईंनी तिला आपल्या खुर्चीवर जागा करून दिली.

नवऱ्याने खिशातून नकाशा काढला. आठवडाभर तो काय खरडत होता ते तेव्हा मला कळलं. खालचे दोन मजले शाळेला, माझ्या खिडकीसकट. वर आम्ही. अडगळ काढून तिथे ताईची खोली, तिच्या स्वतःच्या किल्लीची. बाबांची खोली तशीच, आणि खाली त्यांचा ओटाही त्यांचाच, ते बसतील तोवर. गच्चीच्या कोपऱ्यात काचेचं छत, आणि त्याखाली माझं मशीन. बाईंनी काळजीने विचारलं, वरून येणारा उजेड पडद्यांना चालेल का. मी नकाशा दोनदा बघितला आणि म्हटलं, खिडकीपेक्षा चांगला चालेल. खरंच चालतो.

ताईने ठेवीला आता नाही म्हटलं नाही. म्हणाली, किल्ली मिळतेय तर आकडाही घेते, मी काही संत नाही. सगळे हसले. बाबांनी तळहात चोळले, खूश होऊन उठले आणि तारीख यांना म्हणाले, लिहा आता.

"थांबा," मी म्हटलं. "बाबा, तुम्ही राहिलात."

ते म्हणाले, मी कसला राहिलो, मी तर देणारा. मला राग आला. आम्हा सगळ्यांना इकडून तिकडे उचलून ठेवायचं आणि स्वतः मात्र दांडीवर आरामात बसून राहायचं, हे कुठलं वजन करणं. मी म्हटलं, मग घेणाऱ्याच्या पारड्यात बसा. तुम्हीही कधीतरी कोणाचा तरी मुलगा होतात ना.

दुकान सोडून घरात प्रथमच त्यांनी फडकं शोधलं. टेबलावर फक्त रुमाल होते. एक उचलून ते चमचा पुसायला लागले. कोणी घाई केली नाही.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांकडे पितळी वजनांची एक पेटी होती. आत मखमल, प्रत्येक वजनाला आपापला खळगा, मोठ्यापासून ते चिमट्याने उचलायच्या पत्र्याच्या तुकड्याएवढ्यापर्यंत. गावातला प्रत्येक तराजू त्या पेटीवर तपासला जाई. दोन्ही मुलांचा जीव त्या पेटीवर. वडिलांनी वाटणी करताना कोणालाही दुखवायचं नाही म्हणून पेटीसुद्धा सारखी वाटली. एक वजन याला, एक त्याला, एक याला, एक त्याला. पेटीचं झाकण एकाकडे, खालचा भाग दुसऱ्याकडे.

"अर्ध्या पेटीने काहीही तपासता येत नाही," बाबा म्हणाले. "मला ती हवी होती. त्यालाही हवी होती. वडिलांनी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, त्याला द्या, फक्त मला अधूनमधून वापरू द्या. तो पण हेच म्हणाला असता. पण त्यांनी मला विचारलं नाही, आणि मी त्याला विचारलं नाही. मला वाटलं त्याने माझी अर्धी बळकावली. त्याला वाटलं मी त्याची."

तारीख यांनीसुद्धा जेवण थांबवलं होतं. मग बाई हळूच म्हणाल्या की मुलं तराजूचं काम शिकणार असतील तर त्यांना तपासायची पेटी लागेल, तेवढी आम्हाला द्या. बाबा म्हणाले, माझ्याकडे अर्धीच आहे.

"तेच त्या म्हणताहेत, बाबा," ताई म्हणाली. "शाळेला अर्धी कशी द्यायची?"

बाबा दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून नदीपलीकडे गेले. काय बोलणं झालं ते आम्हाला सांगितलं नाही. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, त्याच्याकडे चहा अजून आईसारखाच कडू करतात.

पुढे कागद झाले, सह्या झाल्या. एरवी तारीख यांनी ते काम पुढच्या वेळेवर टाकलं असतं, पण बाईंना हे माहीत नव्हतं आणि त्या रोज त्यांच्या दारात जाऊन बसल्या. शाळा रस्ता ओलांडून आली. बाकं आता खिडकीशी असतात आणि दिवसभर जागची हलत नाहीत. जिन्यात खडूची धूळ असते, तिच्यावरून मी रोज ओरडते. कोणाला ऐकू येत नाही, त्यामुळे माझीही हौस भागते आणि कोणाचं मनही दुखत नाही. ताई आता रविवारची वाट बघत नाही. किल्ली फिरवून कधीही आत येते, आणि वर हक्काने म्हणते, जेवायला काय आहे.

पेटी द्यायच्या दिवशी काका आले. बगलेत झाकण, आणि हातात त्यांच्या वाटणीची वजनं बांधलेलं फडकं. तेही फडक्याचेच शौकीन, हे मी तिथेच ओळखलं. दोघे ओट्याशी बसले आणि एकेक वजन खळग्यात बसवायला लागले. वर माझ्या मशीनपर्यंत आधी काहीच ऐकू येईना. मग आवाज यायला लागले. सगळ्यात धाकटं, पत्र्याच्या तुकड्याएवढं वजन सापडत नव्हतं. काका म्हणत होते, ते तुझ्याकडे होतं. बाबा म्हणत होते, माझ्याकडे कसं असेल, तूच कुठेतरी धांदरटपणे पाडलं असशील, लहानपणापासून तुझं असंच. काका म्हणाले, लहानपणाचं काढू नकोस, नाहीतर मीही काढेन. आणि काढलंच.

मी चहा घेऊन उतरले. जिन्याच्या तळाशी माझा नवरा आणि ताई पायरीवर शेजारी शेजारी बसून कान देत होते. आत ओट्याभोवती मुलं गोळा झाली होती आणि मान वळवून वळवून एकदा बाबांच्या ओठांकडे, एकदा काकांच्या ओठांकडे बघत होती. एकही शब्द त्यांच्या नजरेतून सुटत नसावा.

"भांडताहेत का?" ताईने मला दबक्या आवाजात विचारलं.

मी म्हटलं, कडाकडा भांडताहेत.

तिने माझ्या हातातून चहाचा ट्रे काढून घेतला आणि खाली ठेवला. म्हणाली, मग आता नको नेऊस. बोलू दे त्यांना.